कागदावर वाढलेलं दीड वर्ष

बाबांच्या तेराव्याला गावाकडून जीप भरून माणसं आली. बीड जिल्ह्यातून रायगडातलं कर्जत म्हणजे एका दिवसाची वाट, पण जीप नगरच्या पुढं बंद पडली आणि मंडळी तेराव्याच्या सकाळी, पानं मांडायच्या वेळेला दारात उतरली. एवढी माणसं आमच्या क्वार्टरनं कधी पाहिली नव्हती. पाटबंधारे खात्याची दोन खोल्यांची क्वार्टर, पुढं पडवी आणि पडवीपासून वीस पावलांवर कालवा.

बाबा त्या कालव्यावर पाटकरी होते. पाणी सुटलं की कुणाच्या शेताकडं कधी वळवायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं आणि पाळी संपली की कुणी कितीही हातापाया पडलं तरी बंद करायचं, हे त्यांचं काम. तरुणपणी गावाकडच्या टोळीबरोबर कालव्याच्या बांधकामावर आले, रोजंदारीवर राहिले आणि बऱ्याच वर्षांनी कायम झाले. कायम झाले म्हणून लग्न झालं, आई इकडं आली आणि आम्ही दोघं भावंडं इथं जन्मलो. छातीत दुखलं तेव्हा ते कालव्याच्या कडेनं सायकलवरून येत होते. ज्या शेतकऱ्याशी आदल्या दिवशी पाण्यावरून भांडण झालं होतं, त्यानंच त्यांना टेंपोत घालून दवाखान्यात नेलं. त्या माणसाचे उपकार मी विसरले नाही, पण ते पुन्हा सांगायला त्याच्या घरी जाणं मला आजवर जमलेलं नाही.

तेराव्याला मामानं भाच्याला टोपी घालायची, अशी आमच्याकडं रीत आहे. बाप गेला की थोरल्या मुलाला ती टोपी घालतात आणि त्या क्षणापासून घराचा कर्ता तो. माझा भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता. मामानं त्याला पाटावर बसवलं आणि टोपी घातली, तर ती थेट कानांवर येऊन टेकली. एक आजी म्हणाली, "येईल डोकं मोठं, ऱ्हाऊ द्या." बायका रडता रडता हसल्या. मी भावापेक्षा जवळजवळ नऊ वर्षांनी मोठी. मी आत पत्रावळ्या पुसत होते.

दुपारी बाबांच्या ऑफिसातले क्लार्क आले. त्यांनी यायचं काही कारण नव्हतं, कागद ऑफिसात बोलावूनही देता आले असते. पण ते स्वतः आले, पडवीत सतरंजीवर बसले आणि पिशवीतून अर्जाचे नमुने काढून आईसमोर ठेवले.

"वहिनी, हे अनुकंपाचं. माणूस नोकरीत असताना गेला, तर त्याच्या घरातल्या एकाला खात्यात घेतात. एकालाच. तुमचं नाव घाला, नायतर मुलीचं. ही कितीची?"

"सतरा पुरी झाली," आई म्हणाली.

"म्हणजे चार महिन्यांत अठरा. शाळा?"

"आठवी," मी म्हटलं. आठवीनंतर शाळा सोडली होती. हायस्कूल लांब होतं आणि आईचं ऑपरेशन झालं त्या वर्षी घरात कुणीतरी हवं होतं. यापेक्षा मोठं कारण नव्हतं.

"आठवी म्हणजे खूप झाली. आज चौथी पासवर चालतंय. यादी आखूड हाय, दोन वर्षांत ऑर्डर निघेल. मी हाय तिथं."

थोरले काका भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "सायेब, पोरगी उद्या लोकाच्या घरी जायाची. तिला नोकरी दिली म्हंजी जावयाला दिली. बापाची जागा लेकाची असती."

"लेक नऊ वर्षांचा हाय, काका."

"मग? लेकरू ल्हान हाय म्हून जमीन पळून जाती का? सातबाऱ्यावर लावत्यात की नाव, अज्ञान पालनकर्ता आई म्हून. तसंच लावा."

क्लार्क हसले. "नोकरी सातबाऱ्यावर नसते हो."

"दोन्ही सरकारचंच ना?"

पडवीतले सगळे काकांच्या बाजूनं हसले. क्लार्कांनी समजावून सांगितलं की लहान मुलाचं नाव आज घालता येत नाही. तो अठराचा झाला की त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत त्यानं अर्ज करायचा, तोपर्यंत जागा कुणी धरून ठेवत नाही आणि यादी वाढत जाते. नऊ वर्षांत काय काय बदलेल ते कुणी सांगू शकत नाही. आईचं नाव घालायचं तर आजच घालता येईल. त्यावर काका म्हणाले, आमच्या घरची बाई ऑफिसात पाणी भरणार नाही. आई त्या वेळी छत्तीस वर्षांची होती, आणि मला आठवतं तसं, त्या तेरा दिवसांत कुणी विचारल्याशिवाय ती एक शब्द बोलली नव्हती.

मग क्लार्क माझ्याकडं वळले. "तुझं काय म्हणणं, बाळा?"

मी हे लिहिताना थांबले आहे. कारण एवढ्या माणसांत मला विचारणारे ते एकटेच होते, आणि मी काय म्हणाले ते मला नीट आठवतं. मी म्हणाले, "भावालाच मिळू द्या."

मला कुणी धाक घातला नव्हता. मला खरंच तसं वाटत होतं. टोपी त्याच्या डोक्यावर होती, मग नोकरी माझ्या हातात कशी असेल? शेत मुलाला जातं, तशी जागाही मुलाला जाणार आणि तो मोठा होईपर्यंत ती शेतासारखीच तिथं पडून राहणार, असं आम्ही सगळे मनापासून धरून चाललो होतो. क्लार्कांनी नमुने पुन्हा पिशवीत घातले. एक मात्र ठेवून गेले. "असू दे," म्हणाले.

*

क्वार्टर सोडावी लागली. गावाकडं जायचं का, यावर काकांनी दोनदा फोन केला. आई म्हणाली, पोराची नोकरी इथं आहे. म्हणून आम्ही इथं राहिलो. नसलेल्या नोकरीसाठी माणूस एखाद्या गावात राहतो, हे आता लिहिताना चमत्कारिक वाटतं, तेव्हा वाटलं नाही. भिसेगावात एका मुसलमान कुटुंबानं घराच्या मागची खोली दिली. त्यांचं मूळ घर खाली खाडीकडचं, पण दोन पिढ्या कर्जतात. घरमालकांना सगळे चाचा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. तहसील कचेरीसमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. एक दिवस ते आईला म्हणाले, "तुमची पोरगी घरात बसून काय करते? दुकानात पाठवा. माझे डोळे गेलेत, तिचं अक्षर बरं हाय."

त्या दुकानात मी आजही आहे. मशीनवर कागद ठेवण्यापासून सुरुवात झाली. मग लोक म्हणू लागले, "ताई, जरा अर्ज लिहून द्या ना." उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद, नावातली दुरुस्ती. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं येत, खालच्या गावातली येत, आणि माझ्यापुढं आधारकार्ड ठेवून गप्प उभी राहत. चाचांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. कागद द्यायच्या आधी तारीख बघ, आणि कागद घेताना पोच घे. आठवी शिकलेल्या मुलीला लिहिण्यावर पोट भरू देणारा दुसरा कुणी मला भेटला नसता. त्या दुकानाचं कुलूप उघडताना आजही मला भीती वाटते की आता दुकान बघणारा चाचांचा मुलगा आज म्हणेल, आता पुरे. त्यानं तसं कधीही म्हटलेलं नाही.

भावाला मी शिकवलं असं म्हणणार नाही, तो स्वतः शिकला. पण त्याला कधी कामाला जाऊ दिलं नाही. मधल्या काळात ऑफिसात विचारायला गेले तेव्हा कळलं की आता शिपायाच्या जागेलाही दहावी लागते. मी घरी येऊन हे सांगितलं, तर आईला आनंदच झाला. "बघ," ती म्हणाली, "तुला मिळाली नसतीच. बरं झालं त्याचं ठेवलं." तिला कोण सांगणार की त्या वेळी चौथीवर मिळत होती. मीही सांगितलं नाही.

"अठरा झाल्यावर वर्षाच्या आत." हे वाक्य आमच्या घरात देवाच्या नावासारखं होतं. भाऊ बारावी झाला तेव्हा मी म्हटलं, करू या का अर्ज? आई म्हणाली, अजून अठरा कुठं झाले, पुढच्या वर्षी दिवाळीत होतील. तो बलिप्रतिपदेचा, पाडव्याच्या सकाळचा. ऑफिसं दिवाळीत बंद असतात, म्हणून भाऊबीज झाल्यावर पहिल्या उघड्या दिवशी आम्ही तिघं गेलो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. अर्ज मी लिहिला होता, मी आजवर लिहिलेल्या सगळ्या अर्जांत तो सुंदर होता. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, आईचं आणि माझं ना हरकत प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला. ते जुने क्लार्क तेव्हा निवृत्त झाले होते. नव्या माणसानं गठ्ठा चाळला, शिक्का मारला आणि आवक क्रमांक लिहून दिला.

"वर्षाच्या आत करायचा होता," बाहेर आल्यावर आई म्हणाली. "आपुन आठवड्याच्या आत केला."

त्या दिवशी आम्ही स्टेशनजवळ तिघांनी मिसळ खाल्ली. भाऊ म्हणाला, "ताई, साहेब झाल्यावर तुला ऑफिसातला पंखा देतो." आई म्हणाली, "गप रं, शिपायाला कुठला पंखा."

*

त्यानंतर चार वर्षं आम्ही विचारत राहिलो. कर्जतचं ऑफिस म्हणायचं, वर पाठवलंय. वरचं ऑफिस म्हणायचं, प्रक्रियेत आहे. यादी अलिबागला असते, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी मी अलिबागला जायची. खोपोलीला शिळफाट्यावर उतरायचं, पेणची एसटी धरायची, तिथून पुढं. शिळफाट्यावर उभं असताना मी पिशवीतले कागद तीन वेळा तपासायची. एकदा तिसऱ्यांदा तपासताना एसटी निघून गेली.

तिकडच्या बाकावर यादीतली माणसं भेटायची. एकमेकांना नाव न विचारता नंबर विचारायचो. एक दादा महाडकडचे, वडील रस्त्याच्या कामावर असताना गेलेले. ते कायम डबा घेऊन यायचे आणि मला भाकरीचा चतकोर द्यायचे.

"तुमचा नंबर किती, ताई?"

"अजून लागलाच नाही. अर्ज वर आहे म्हणतात."

"बरं हाय. ज्याला नंबर नाय त्याचा नंबर मागं पण जात नाय." ते हसले. "आमची यादी म्हणजे लग्नातली शेवटची पंगत. वाढपी फिरतो, भांडं दाखवतो, आत बघावं तर वरण संपलेलं."

"तुमचं कितवं वर्ष?"

"अकरावं. पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पुरी होतील. मग नाव आपोआप उडतं. तुमी भाकरी खा, तुमच्याकडं अजून टाईम हाय."

पुढच्या खेपेला ते दिसले नाहीत. मी बाकाकडं बघत बसले होते, तर दुसरा एक जण म्हणाला, "ते? त्यांचं वय झालं." गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाला. मी घाबरून विचारलं, बरे आहेत ना? "बरे असतील की. यादीत नायत."

भाऊ या काळात मोहोपाड्याला एका कारखान्यात कंत्राटावर लागला होता. तात्पुरतं, असं आई सगळ्यांना सांगायची. सरकारी ऑर्डर येईपर्यंत.

मग एक दिवस पत्र आलं. त्यात दोन ओळी होत्या. अर्ज विहित मुदतीनंतर प्राप्त झाल्याने त्रुटीची पूर्तता करावी. मी ते चार वेळा वाचलं आणि मला राग आला. आम्ही आठवड्याच्या आत अर्ज केला होता. माझ्याकडं पोच होती. मी पोच घेऊन दुसऱ्या दिवशी अलिबागला गेले.

टेबलावर एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी माझी पोच बघितली, फाइल उघडली.

"तुमच्या भावाची जन्मतारीख?"

"दिवाळीतला आहे, मॅडम. बलिप्रतिपदेचा."

"सण नाही विचारला, तारीख विचारली."

मी तारीख सांगितली, सालासकट. त्यांनी फाइलमधला शाळेचा दाखला काढला, माझ्याकडं फिरवला आणि एका ओळीवर पेनाचं टोक ठेवलं.

तिथं एक जून लिहिलं होतं. आणि साल आधीचं होतं.

एक जूनचं मला नवल वाटलं नाही. आमच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या माणसांचा जन्म एक जूनचा असतो. शाळा उघडायच्या आधी गुरुजी मुलं गोळा करायचे, आईबापांना तारीख सांगता यायची नाही, मग सगळ्यांना एक जून. म्हणून एक जून दिसला की माझी नजर पुढं सरकते. त्याला कुणी जन्मतारीख समजत नाही, रकाना भरलेला आहे एवढंच समजतात. भावाचा दाखला मीच झेरॉक्स केला होता, तीन प्रतींत. एक जून बघितला होता. साल बघितलं नव्हतं.

"कागदावर तो अर्जाच्या दिवशी एकोणीस वर्षं पाच महिन्यांचा होता," मॅडम म्हणाल्या. "पाच महिने उशीर."

"पण खरा तो अठराच..."

"खरं-खोटं मी ठरवत नाही हो, ताई." मग त्यांनी पाणी पुढं केलं. "विलंब माफीचा प्रस्ताव पाठवते मी. कारण नीट लिहून आणा."

ते दीड वर्ष कुठून आलं, हे आईला विचारलं तेव्हा तिला लगेच आठवलं. कालव्याला पाणी असायचं तेव्हा भाऊ सारखा पाण्याकडं धावायचा. आई उन्हाळी भाताच्या लावणीला जायची, मी शाळेत, बाबा सायकलवर. एकदा तो कालव्याच्या दाराच्या चौकटीपर्यंत उतरलेला सापडला. त्या उन्हाळ्यात बाबा शाळेत गेले आणि गुरुजींना म्हणाले, वय बसत नाही पण बसू द्या, पोरगं पाण्यात जातंय. गुरुजी भला माणूस. त्यांनी दीड वर्ष वाढवून त्याला पहिलीत घेतलं. आईनं त्यांना तांदूळ नेऊन दिला होता.

"चांगलंच केलं त्यांनी," आई म्हणाली. "नसतं केलं तर पोरगं ऱ्हायलं असतं का?"

मी शाळेत जाऊन आले. हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढून दाखवलं. त्या पानावर एकाखाली एक अकरा मुलं होती आणि अकराही जणांचा जन्म एक जूनचा. ते म्हणाले, शाळा सोडल्यावर तारीख बदलता येत नाही, दहावीवर लागली, बारावीवर लागली, आता ती दगडावरची रेघ. ते मला फाटकापर्यंत सोडायला आले.

कारणाच्या रकान्यात मी हे सगळं लिहिलं. बाबा, कालवा, गुरुजी, दिवाळी. मॅडमनी वाचलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "यातलं शाळेचं काढून टाकते. नाहीतर वय खोटं लावलं म्हणून तेच अंगावर येईल." त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर तसंच पाठवलं असतं. मी त्यांचे आभार मानले. उरलं काय तर, घरच्या अडचणींमुळे विलंब झाला.

*

प्रस्तावाचं उत्तर यायला दोन वर्षं लागली. अमान्य. पत्र अर्जदाराच्या सहीनंच द्यायचं होतं, म्हणून कर्जतच्या ऑफिसातल्या शिपायानं दुकानात फोन करून विचारलं, भाऊ कुठं असतो? मी म्हटलं, मी त्याला घेऊन येते, तेवढं थांबा. तरी मी एकटी ऑफिसात गेले तेव्हा वाचू दिलं त्यानं मला. भला माणूस.

मी चौक गावावरून मोहोपाड्याला गेले. कारखान्याच्या गेटसमोर चहाची टपरी आहे, तिथं बसले. सुट्टीचा भोंगा झाल्यावर भाऊ हेल्मेट काखेत धरून आला. तो आता दाढी ठेवतो, कपाळापासून बाबांसारखा दिसतो.

"काय गं, आई बरी हाय ना?"

"बरी आहे. उत्तर आलं."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली. चहा आला. मग म्हणाला, "म्हणजे मी आता तात्पुरता नाय ना?"

मला कळलं नाही.

"इथं सगळे विचारतात, तू किती दिवस हायस? मी म्हणतो, ऑर्डर आली की जाणार. सहा वर्षं सांगतोय. पोरं मला साहेबच म्हणतात, चेष्टेत." तो हसला, पण चहाकडं बघत. "आता सांगतो, हाय इथंच."

"तुझ्या नावावर मी तेव्हा..."

"ताई, गप. तू तुझी घेतली असतीस तर मी आज कुठल्यातरी साहेबिणीचा भाऊ असतो." मग कप खाली ठेवून, "घ्यायला हवी होतीस गं."

इतक्या वर्षांत हे वाक्य कुणीतरी म्हणावं असं मला वाटत होतं. त्यानं म्हटलं आणि मला बरं वाटलं नाही.

तो म्हणाला, आईला सांगू नको. पण न सांगणं शक्य नव्हतं. गावाकडून त्याच्यासाठी एक स्थळ आलेलं होतं, साधं, चांगलं, आणि आई ते दोन महिने लटकवून बसली होती. सरकारी ऑर्डर आल्यावर पोरींच्या बापांची रांग लागेल, असं ती मावशीला फोनवर सांगायची. माझं लग्न झालेलं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत, ती इथं काढत नाही. पण त्याचं थांबलं होतं ते या एका कागदापायी.

मी तिला रविवारी सकाळी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं नाही.

"कोण म्हनलं नाही म्हून?"

"मंत्रालयातून आलंय, आई."

"त्यांच्या वर कोन असतं?"

"आता कुणी नाही."

"असतं माय. तुला ठाव नसंल." तिनं दोन खडे उचलून बाजूला टाकले. "तू लोकाचे अर्ज लिहितीस ना? मग आपला लिही. मी सांगते तसा."

मी तिला समजावलं. आता यादी किती लांब आहे ते सांगितलं. बाबांची पाटकऱ्याची जागाही आता भरत नाहीत, कालव्याचं ते काम कंत्राटावर गेलं, हेही सांगितलं. अर्ज गेला तरी तो फाइलमध्ये मागच्या कागदांवर चढेल, बाकी काही होणार नाही, हे तिच्या तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "झालं का बोलून? कागद आन."

मी कागद आणला. प्रति, विषय, संदर्भ, सगळं सवयीनं लिहिलं. "उपरोक्त विषयान्वये" लिहून तिच्याकडं बघितलं.

"लिही," ती म्हणाली, "माझ्या पोराचा जन्म दिवाळीच्या पाडव्याला सकाळी झाला. क्वार्टरमधी. सुईण कोन होती तिचं नाव लिही, ती मेली पन नाव लिही. त्याच्या बापानं पान्याची पाळी बदलून देऊन घरी थांबायला परवानगी घेतली व्हती, ती त्यांच्याच हापिसात लिवलेली असंल, बघा म्हनावं."

मी लिहिलं.

"आन लिही, गुरुजीला ठाव नाही, हापिसाला ठाव नाही. मला ठाव हाय. मी व्हते तिथं."

हे कुठल्या भाषेत लिहायचं, मला सुचेना. अर्जात असं वाक्य बसत नाही. मी तिच्याच शब्दांत लिहिलं, खाली तिची सही घेतली आणि सोमवारी कर्जतच्या ऑफिसात नेऊन दिला. आवकच्या टेबलावरच्या माणसानं वाचलं नाही. शिक्का मारला, क्रमांक लिहिला आणि पोच माझ्याकडं सरकवली. ती मी आईला दिली. तिनं क्रमांक मोठ्यानं वाचायला लावला, दोनदा, आणि मग मावशीला फोन लावून म्हणाली, लग्नाचं जरा थांबा म्हनावं, अर्ज वर गेलाय.